कामाचा ताण वाढला की 'हे आपण कशासाठी करतोय' हेच निसटतं. तुम्ही ते कसं धरून ठेवता?

भट्टीकर (कुपवाड)

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत धातू ओतून भाग बनवणाऱ्या एका फौंड्रीत प्रोडक्शन मॅनेजर आहे. मोल्डिंग (वाळूचे साचे करणं), कोअर (आतल्या पोकळीचा साचा), भट्टी, फेटलिंग (ओतलेला माल साफ करणं), डिस्पॅच असं सगळं बघतो.

सकाळी गेटातून आत पाऊल टाकलं की पहिला फोन गिऱ्हाइकाच्या परचेसवाल्याचा, "गाडी निघाली का?" दुसरा मालकांचा, "काल रिजेक्शन किती गेलं?" मग कोण आलं नाही, लाइट कधी गेली, वाळू बिघडली का, हे सुरू होतं. रात्री ताटावर बसलो तरी व्हॉट्सॲपवर ब्लोहोलचे, म्हणजे मालात हवेनं पडलेल्या भोकांचे, फोटो येत असतात.

मी या लाइनमध्ये का आलो हे मला पक्कं माहीत आहे. आयटीआयमधून नवं पोरगं येतं. त्याला मी वाळू हातात घ्यायला लावतो, मूठ घट्ट आवळायला सांगतो. मूठ उघडल्यावर गोळ्यावर बोटांचे ठसे नीट उमटले पाहिजेत, आणि गोळा मोडला तर भुगा न होता कड स्वच्छ तुटली पाहिजे. तळहाताला वाळू चिकटली तर ओल जास्त आहे. लॅबचा आकडा नंतर येतो, पोराच्या हाताला ते आधी कळतं. ज्या दिवशी त्याला ते कळतं त्या दिवशी त्याचं तोंड बघण्यासारखं असतं. ही समज पुढच्या पोरांच्या हातात जावी आणि आपल्याकडून ठणठणीत माल बाहेर पडावा, यासाठी मी इथं आहे.

पण ताण आला की नेमकं हेच बाजूला पडतं. महिना संपतो तेव्हा कळतं की महिनाभर नुसते फोन उचलले.

ताण कमी कसा करायचा हे विचारत नाही. पहाटे फिरायला जातो, त्याचा उपयोगही होतो. या धंद्यात ताण राहणारच. तो असतानाही आपला मूळ हेतू हातातून सुटू नये म्हणून तुम्ही काय करता? जे खरंच करता तेच लिहा.

संथ_कृष्णा (सांगली)

भडंग आणि चहा घेऊन बसलोय. लिहा मंडळी.

लागणनोंद (वाळवा)

भट्टीकर, मी साखर कारखान्यात शेती खात्यात आहे. गळीत हंगामात माझ्या फोनवर एकच प्रश्न असतो, "साहेब, माझी तोड कधी?" प्रत्येकाला आपलाच ऊस आधी जायला हवा असतो, आणि प्रत्येकाचं कारण खरंही असतं. कुणाला रान मोकळं करून गहू करायचाय, कुणाच्या घरी लग्न आहे. त्यात ऊसतोडीची टोळी कमी आली किंवा मुकादम उचल (आगाऊ पैसे) घेऊन गायब झाला की विचारू नका. वरून वजनदार माणसांचे फोन असतातच.

मी दोन गोष्टी करतो. एक म्हणजे पाळीपत्रक. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असे उसाचे प्रकार, ज्याची जशी लागण तारीख तसा नंबर, आणि ती यादी गट ऑफिसच्या भिंतीवर. फोन कुणाचाही असो, मी यादी बघून उत्तर देतो. त्यामुळं निम्मा ताण माझ्या अंगावरून यादीच्या अंगावर जातो.

दुसरी गोष्ट तुमच्या प्रश्नाला धरून आहे. ज्याच्यासाठी कुणीच फोन करत नाही अशा शेतकऱ्याच्या रानात मी मुद्दाम जातो. वीस गुंठ्यांचा ऊस, घरात म्हातारा-म्हातारी, पोरगं पुण्याला. त्यांच्या ऊसाला तुरे आलेले असतात, वजन घटत असतं, आणि ते बिचारे गप्प वाट बघत असतात. मी या खात्यात आहे तो या लोकांची पाळी कुणी खाऊ नये म्हणून. एफआरपी (उसाची ठरलेली किमान किंमत) चौदा दिवसांत द्यायची हा कायदा आहे, पण पैसे सोडणं माझ्या हातात नाही. तोडलेला ऊस वाळत न पडता कारखान्याच्या गव्हाणीत (गाळपासाठी ऊस टाकतात तिथं) पोचवणं माझ्या हातात आहे. तोडल्यावर दिवस उलटला की वजन आणि उतारा (साखरेचं प्रमाण) दोन्ही खाली येतात, आणि वजनाचं नुकसान थेट त्या म्हाताऱ्याच्या खिशातून जातं. जे हातात आहे तेवढं मी घट्ट धरतो.

मिरजेची_सिस्टर

मला थोडं वेगळं म्हणायचंय, आणि स्पष्टच लिहिते.

मी वॉर्ड इन्चार्ज आहे. ड्यूटी लावणं, सुट्ट्या, औषधांचा साठा, नातेवाइकांची भांडणं हे सगळं माझ्याकडे. माझ्या हाताखालच्या एकाही मुलीला 'तू नर्स का झालीस' हे आठवून द्यावं लागत नाही. रात्री तीन वाजता पेशंटची सलाईन बदलताना तिला ते माहीत असतं. तिला दुसरी नर्स हवी असते. एका नर्सवर दोघींचे पेशंट टाकायचे आणि वरून सेवाभावावर व्याख्यान ठेवायचं, हे मी एका ठिकाणी स्वतः भोगलेलं आहे. माणूस मागितलं की "सिस्टर, हे क्षेत्रच त्यागाचं आहे" असं उत्तर यायचं. तेव्हापासून हेतू, ध्येय, समर्पण हे शब्द वरच्या माणसाच्या तोंडून आले की मी आधी ड्यूटीचा तक्ता बघते.

म्हणून भट्टीकर, माझा तुम्हाला साधा प्रश्न. तुमच्याकडे कुठली जागा रिकामी आहे का? नवीन पोरांना शिकवायला तुम्हाला वेळ मिळत नाही, म्हणजे तो वेळ कुणाच्या तरी कामात जातोय. कुणाच्या?

गुरुजी_कराड

सिस्टर, तुमचं दुखणं समजलं. तरीही आपल्या मातीतलं एक उदाहरण इथं यायलाच हवं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, पुढं १९२४ ला ती साताऱ्याला आली. वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. पैशाची कायम ओढ. अशा वेळी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. संस्था चालवणं म्हणजे व्यवस्थापनच की. त्यांच्याइतका ताण आपल्यापैकी कुणाला असेल? समोर ती पोरं जेवायला बसलेली असायची, म्हणून त्यांचा हेतू कधी धूसर झाला नाही. मी मुख्याध्यापक असताना संचमान्यता (शिक्षकांच्या पदांची मंजुरी), ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचे हिशेब यांत दिवस जायचा. तरी रोज एक तास वर्गावर घेतला म्हणजे घेतलाच, तोही पाचवीचा. तो तास कुणालाही मोडू दिला नाही.

मिरजेची_सिस्टर

गुरुजी, तुमचा पाचवीचा तास मला फार आवडला. लक्ष्मीबाईंपुढे तर डोकं टेकवावं. पण त्यांनी ते स्वतःच्या मनानं दिलं. मॅनेजरनं हाताखालच्या बाईकडून मंगळसूत्राची अपेक्षा धरायची नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

गुरुजी_कराड

हे मात्र शंभर टक्के मान्य.

पगारवाला_९०

सगळे मोठी मोठी कारणं लिहिताहेत म्हणून विचारतो. मी एका वेअरहाउसला टीम लीड आहे. घरचं कर्ज आहे, बहिणीचं शिक्षण आहे, त्यासाठी काम करतो. वेगळा हेतू शोधायला गेलो नाही. यात काही कमी आहे का?

लागणनोंद (वाळवा)

अजिबात नाही भाऊ. बहिणीचं शिक्षण हे फार मोठं कारण आहे. फी भरल्याची पावती फोनमध्ये जपून ठेवा, वाईट दिवशी उघडून बघा.

शाखेतली_ताई (विटा)

मी बँकेत शाखाधिकारी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत होते, त्याबद्दल लिहिते.

आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, मारुती चौक, पेठा सगळं पाण्यात. पाणी उतरल्यावर शाखा उघडली तेव्हा चिखलाचा वास कित्येक दिवस जात नव्हता. लोक रांगेत उभे, हातात भिजलेली पासबुकं. एक आजी आल्या. साडीच्या घडीत वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात नोटा, एकेक सुटी करून इस्त्रीखाली वाळवलेली. कडा करपल्या होत्या. माझ्या कॅशिअरनं एकेक नोट दोन बोटांनी उचलून, नंबर बघत, न कंटाळता मोजली आणि बदलून दिली. आजींनी काउंटरच्या काचेवर हात ठेवून त्याला आशीर्वाद दिला. तो मुलगा एरवी चार वाजल्यापासून घड्याळाकडे बघणारा. त्या आठवड्यांत त्याला घरी जा म्हणून सांगावं लागायचं.

कामाचा बोजा तेव्हा आताच्या कितीतरी पट होता, तरी शाखेत कुणी कुणावर खेकसत नव्हतं. कारण काम कुणासाठी आहे हे समोर उभं होतं. आता शाखा कोरडी आहे, एसी आहे, आणि सकाळी साडेनऊला टार्गेटचा कॉल असतो. विमा किती, कार्ड किती, म्युच्युअल फंड किती.

माझ्यापुरतं मी ठरवलेलं लिहिते. कॉल संपला की पहिला तास केबिनमध्ये बसायचं नाही, हॉलमध्ये उभं राहायचं. कुणाचं पेन्शन अडलंय, कुणाला फॉर्म भरता येत नाही, ते स्वतः बघायचं. केबिनमध्ये आकडे दिसतात, हॉलमध्ये माणसं दिसतात. आणि जी बाई शेळ्यांसाठी कर्ज मागायला आलीय, तिला न विचारता तिच्या कर्जाला विम्याची पॉलिसी चिकटवायची नाही. हे मी वर लेखी कळवलंय. त्यामुळे दोन वर्षं माझा गोपनीय अहवाल मनासारखा आला नाही. चालेल. माझा हेतू काय आहे हे मला सगळ्यात स्वच्छ कधी दिसलं सांगू? मी कशाला 'नाही' म्हणते ते बघितलं तेव्हा.

संथ_कृष्णा (सांगली)

ताई, वाचून अंगावर काटा आला. आम्ही तेव्हा तिसऱ्या मजल्यावर अडकलो होतो. होडीतून बिस्किटं यायची.

मारुती_चौक

आमच्या दुकानात छताला पाणी. २००५ ची खूण भिंतीवर होती, २०१९ ची तिच्याही वर गेली. त्या पुरात एनडीआरएफच्या बोटीतल्या पोरांना झोप नव्हती, पण चेहरा हसरा. असो, धागा भरकटतोय.

शाखेतली_ताई (विटा)

भरकटू दे की थोडा. पूर आला की सांगलीकर एकदा तरी बोलतोच.

मनमोकळं_सातारा

मी साताऱ्यात समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत कंपन्यांतले मॅनेजर, शाळांचे मुख्याध्यापक बरेच असतात. इथं आलेल्या अनुभवांना अभ्यासाचा आधार आहे, म्हणून लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची (कामाच्या ताणानं पार थकून जाण्याची) व्याख्या करताना त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणचा प्रश्न म्हटलं. त्याची तीन अंगं सांगितली: अंगातली ताकद संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. ही मांडणी मुळात क्रिस्टिना मास्लाक यांच्या संशोधनातून आली. भट्टीकर लिहितात ते मन तुटण्याच्या अलीकडचं आहे. त्यांना अजून तळमळ आहे, ही चांगली खूण आहे.

सिस्टरांचं म्हणणंही पक्कं आहे. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की कामाची मागणी जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी, अशा जागी माणूस सगळ्यात जास्त पिचतो. लागणनोंद पाळीपत्रकाबद्दल लिहितात ते हेच, अधिकार थोडा आपल्याकडे ओढून घेणं.

आणि ताईंच्या आजींबद्दल. ॲडम ग्रँट यांचा २००७ चा एक प्रयोग आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे कर्मचारी होते. त्यातल्या काहींना, त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी फक्त पाच मिनिटं बोलायला दिलं. महिन्याभरानं पाहिलं तर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता आणि जमलेला निधी १७१ टक्क्यांनी वाढला होता. पगार तोच, साहेब तेच. ज्याला उपयोग झाला तो माणूस फक्त एकदा डोळ्यांसमोर आला होता.

एक कळकळीची विनंती. झोप सलग उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यातच रस वाटत नसेल, तर हेतूचा विचार थांबवून आधी डॉक्टरांना भेटा. सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं.

फुगवणी (कवठेमहांकाळ)

मी द्राक्षवाला, मॅनेजर न्हाई. पण भट्टीकरांना एक इचारायचं हाय. तुमचं कास्टिंग फुडं कशात जातं?

भट्टीकर (कुपवाड)

दादा, मुख्यतः शेतीच्या पंपांच्या बॉडी. थोडं ट्रॅक्टरचं काम.

फुगवणी (कवठेमहांकाळ)

मग ऐका. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर डिसेंबर-जानेवारीत मणी फुगवणीला येतात. त्या दिसांत पाणी चुकलं तर मणी बारीक ऱ्हातो, आणि बारीक मणी व्यापारी हातात धरून परत खाली ठेवतो. रात्रीची लाइट आठ तास. रात्री मोटर चालू करायची, ड्रिपचं प्रेशर बघायचं. मागं एकदा प्रेशरच धरंना. लॅटरल (ठिबकच्या नळ्या) बघितल्या, फिल्टर धुतला, काय सापडंना. शेवटी बॅटरी मारून बघितलं तर पंपाच्या बॉडीवर घाम आल्यागत पाणी. पुसलं की परत यायचं. बारीक भोक, आतनं पोकळ. नवाच पंप. कंपनीचं नाव घेत न्हाई. दुसरी बॉडी यीपतूर तीन रात्री शेजाऱ्याच्या हिरीवनं पाणी घेतलं. तो देतो म्हणाला म्हणून बाग वाचली.

तुमच्या व्हॉट्सॲपवर जो ब्लोहोलचा फोटो येतो न्हवं, तो तिथंच धरला तर आमच्या बांधावर येत न्हाई. तुम्ही रातच्याला ते फोटो बघता म्हणून वैतागता, पण माझ्यासारख्याला वाटतं, बघतंय बाबा कुणीतरी.

म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आमच्या भागात आलं तवापासून बागा वाढल्या. पाणी कृष्णेतनं टप्प्याटप्प्यानं उचलून येतं, म्हंजे सगळा खेळ पंपावरच हाय.

गुरुजी_कराड

दादा, काय लिहिलंत! यावरून किर्लोस्करवाडी आठवली. १९१० साली लक्ष्मणरावांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला. त्यांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. ओतकामाचा आणि बांधाचा संबंध आपल्या जिल्ह्यात शंभर वर्षांहून जुना आहे.

पगारवाला_९०

फुगवणीदादांचा प्रतिसाद आमच्या टीमच्या ग्रुपवर टाकू का? आमच्या वेअरहाउसमधून ठिबकचं सामान जातं.

फुगवणी (कवठेमहांकाळ)

टाका की. आन् गॅसकेट बॉक्समध्ये इसरू नका म्हनावं.

भट्टीकर (कुपवाड)

मंडळी, चार दिवस फक्त वाचत होतो. सगळ्यांचे आभार. आता नीट लिहितो.

सिस्टर, तुमचा प्रश्न नेमक्या जागी लागला. आमचा मोल्डिंगचा सुपरवायझर दिवाळीनंतर सोडून गेला. तेव्हापासून दुसऱ्या पाळीचं मोल्डिंग मी फोनवरून बघतोय. नवीन पोरांचा वेळ तिकडं जातो, ताटावर येणारे फोटोही तिथलेच. एवढे दिवस मी याला माझ्या मनाचा प्रश्न समजत होतो. त्यातला मोठा हिस्सा रिकाम्या खुर्चीचा आहे.

फुगवणीदादा, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून, तुमच्या गावाचं नाव न घालता, इन्स्पेक्शनच्या टेबलाजवळ लावला. कोअर करणाऱ्या एका मावशींनी मोठ्यानं वाचून दाखवला. "घाम आल्यागत पाणी" हे ऐकल्यावर फेटलिंगचा एक पोरगा म्हणाला, आमच्या मामाच्या पंपाला असंच झालं होतं. त्या दिवसापासून बॉडीवर कुठं शंका आली की पोरं खडूनं गोल करून बाजूला ठेवताहेत. आधी हे सांगून सांगून थकलो होतो.

गुरुजींचा पाचवीचा तास मी उचललाय. सकाळी पाळी सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास वाळूच्या मिलपाशी, नव्या पोरांबरोबर, फोन सुपरवायझरच्या रिकाम्या टेबलावर. परचेसवाल्याला सांगितलं, साडेनऊनंतर करा. तो एवढंच म्हणाला, "बरं."

लागणनोंद (वाळवा)

एक नंबर. आणि मालक काय म्हणाले खुर्चीबद्दल? आमच्याकडं जागा भरायची म्हटलं की हंगाम संपतो.

भट्टीकर (कुपवाड)

मालकांपुढं ताण, हेतू असलं काही बोललो नाही. रिजेक्शनचे कागद पाळीप्रमाणे वेगळे लावले. पहिल्या पाळीत मी स्वतः असतो, दुसरीत कुणी नसतं. दोन्हीकडं तीच वाळू, तोच पॅटर्न, तीच भट्टी. फरक उघडा दिसत होता. परत वितळवायला लागणारी वीज आणि वाया गेलेली मजुरी धरली तर सुपरवायझरचा पगार त्यातूनच निघतो. ते कागद बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, माणूस बघा.

मिरजेची_सिस्टर

हे लेखी आहे का तोंडी?

भट्टीकर (कुपवाड)

तोंडी. सोमवारी मेल टाकतो, "आपल्या बोलण्याप्रमाणे" म्हणून.

मिरजेची_सिस्टर

आजच टाका, आणि एचआरलाही त्यात ठेवा. जाहिरात निघाली की इथं कळवा. माझ्या भाच्याचा मित्र फौंड्रीतच आहे, लांब चाकणला. घरी आई एकटी असते म्हणून मिरज-कुपवाडकडं यायचं बघतोय.